पक्षी पाहण्याची पायवाट गावाने कशी आखावी?

पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणजवळ उजनी धरणाचा फुगवटा पसरला आहे. हिवाळ्यात तिथे रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो उतरतात आणि कुंभारगाव परिसरातले मच्छीमार पाहुण्यांना होडीतून ते दाखवतात. आपल्या गावालाही तलाव, माळ किंवा देवराई असेल, तर अशी पायवाट आखता येते. त्यासाठी या पायऱ्या क्रमाने घ्याव्यात.

पहिली पायरी नोंदींची. निदान वर्षभर, दर आठवड्याला, ठरलेल्या वाटेने सकाळी चालावे. कोणता पक्षी, कुठे आणि किती, एवढे वहीत लिहावे. एकाच हिवाळ्याच्या भरवशावर फलक लावले, तर मे महिन्यात आलेल्या पाहुण्याला काय दाखवायचे, हा प्रश्न पडतो.

दुसरी पायरी जागेची. सातबारा काढून जमीन कोणाची ते पाहावे. जलसंपदा विभाग, वनविभाग, ग्रामपंचायत किंवा शेतकरी, ज्याची जागा त्याची लेखी परवानगी घ्यावी. तोंडी होकारावर आखलेली वाट पुढे भांडणात अडकते.

तिसरी पायरी आखणीची. दोन-तीन किलोमीटर पुरेत. सकाळचे ऊन पाहणाऱ्याच्या पाठीशी यायला हवे. ते समोरून आले की पक्षी नुसता काळा दिसतो. धरणकाठी आणखी एक अडचण असते. पावसाळ्यानंतर काठोकाठ असलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत मागे हटते आणि उथळ चिखलात चरणारे पक्षीही त्याच्याबरोबर सरकतात. नोव्हेंबरात काठावर बांधलेला पक्का मनोरा मार्चमध्ये पाण्यापासून लांब पडतो. म्हणून बांबू-तुराट्यांचा, उचलून नेता येईल असा आडोसा बरा.

चौथी पायरी वाटाड्यांची. गुराखी आणि मच्छीमार यांना पक्ष्यांच्या जागा ठाऊक असतात. त्यांना 8×42 दुर्बीण द्यावी; ती आठपट मोठे दाखवते आणि तिचे पुढचे भिंग 42 मिलिमीटरचे असते. ‘तिकडे बघा’ म्हणून भागत नाही. ‘बाभळीच्या डावीकडे, पाण्यातल्या वाळक्या खोडावर’ असे सांगण्याचा सराव हवा.

पाचवी पायरी नियमांची, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. चरणारा फ्लेमिंगो चोच उलटी करून पाण्यात बुडवतो. त्याने मान वर काढली, चरणे थांबवले आणि तो चालू लागला, की आपण फार जवळ आलो असे समजावे आणि तिथेच थांबावे. उडतानाच्या फोटोसाठी थवा उठवू नये. टिटवी आणि नदी सुरय उघड्या जमिनीवर अंडी घालतात. आपल्यामुळे पक्षी उठला तर उन्हात अंडी तापून खराब होतात. मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलावणे आणि शेव-फरसाण टाकणे पूर्ण बंद ठेवावे.

सहावी पायरी सोयीची आणि पैशांची. स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी आधी, खोल्या नंतर. दर फलकावर लिहावेत आणि वाटाड्यांच्या पाळ्या ठरवाव्यात, म्हणजे गिऱ्हाइकासाठी ओढाताण होत नाही आणि जास्त पैशांसाठी होडी पक्ष्यांच्या अंगावर जात नाही.

मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात गावच्या शाळेतल्या मुलांना घेऊन पहिली फेरी काढावी. मुलांच्या प्रश्नांना वाटाड्याला नीट उत्तरे देता आली आणि पक्षी चरायचे थांबले नाहीत, की बाहेरच्या पाहुण्यांना खुशाल बोलवावे.