छायाचित्रणाचा छंद

एखादा हौशी मनुष्य गडावर जातो, समोरच्या डोंगररांगांचे छायाचित्र काढतो आणि घरी येऊन ते मोठ्या उत्साहाने मित्रांना दाखवितो. मित्र क्षणभर पाहतात, “छान आहे” म्हणतात आणि दुसऱ्या गोष्टींकडे वळतात. बिचारा मनातून खट्टू होतो. त्या चित्राकडे पाहताच त्याला चढावर लागलेला दम आठवतो, माथ्यावरचा गार वारा आठवतो. मित्रांपुढे मात्र नुसता कागद असतो. वारा काही कॅमेऱ्याला टिपता येत नाही. त्याला टिपता येतो तो केवळ प्रकाश.

कॅमेरा म्हणजे मुळात एक अंधारी पेटी होय. तिच्या एका बाजूस भिंग असते व त्याच्या समोर प्रकाशाचा परिणाम होणारा पृष्ठभाग असतो. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा लेप असतो. डिजिटल कॅमेऱ्यात आणि फोनमध्ये त्याच्या जागी प्रकाश ओळखणारी एक लहानशी चकती बसविलेली असते. प्रकाश आत येतो ते छिद्र पुष्कळ कॅमेऱ्यांत लहानमोठे करता येते आणि त्याची झडप किती वेळ उघडी ठेवावयाची, हेही ठरविता येते. झडप सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतीच उघडली, तर धबधब्याचे थेंब हवेत थबकल्यासारखे दिसतात. कॅमेरा तिपाईवर ठेवून तीच झडप अर्धा सेकंद उघडी ठेवा, पाणी रेशमी वस्त्रासारखे वाहताना दिसेल. छिद्र लहान केले, तर जवळचे झाड आणि दूरचा डोंगर दोन्ही स्पष्ट येतात. मोठे केले, तर मागचा देखावा धूसर होतो.

हे सर्व थोड्या सरावाने येते. अवघड गोष्ट निराळीच आहे. आपण मित्राचा चेहरा पाहत असतो, तेव्हा त्याच्या मागचा विजेचा खांब आपल्या लक्षातही येत नाही. मन नको ते गाळून टाकते. कॅमेरा मात्र चेहरा आणि खांब सारख्याच निष्ठेने टिपतो, आणि चित्रात तो खांब मित्राच्या डोक्यातून उगवलेला दिसतो! गंमत अशी की, चित्र काढणाऱ्याला तो पुष्कळदा नंतरही दिसत नाही. म्हणून या छंदाला दुसऱ्याचे डोळे लागतात.

हौशी लोकांनी हे फार पूर्वीच ओळखले होते. छायाचित्रणाची कला १८३९ साली पॅरिस येथे जाहीर झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत छायाचित्रणाची हौस असणाऱ्यांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या संस्थेचे सभासद होते. त्या काळी काचेवर रसायनाचा लेप देऊन, तो ओला असतानाच चित्र घ्यावे लागे व ते लगेच अंधारात धुवावे लागे. उन्हाळ्यात तर काच पाहता पाहता वाळून जाई. एवढ्या खटाटोपात एकाचा अनुभव दुसऱ्याला किती मोलाचा वाटत असेल!

पुढे १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी शंभर चित्रांचे रीळ भरलेला सुटसुटीत कॅमेरा विक्रीस आणला आणि हा छंद सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागला. आपल्याकडे अनेकांनी आगफा क्लिकसारख्या साध्या कॅमेऱ्यावर हात बसविला. त्याच्या रिळात बारा चित्रे बसत; त्यामुळे प्रत्येक चित्रापूर्वी विचार करणे भाग पडे. आज फोनवर एका दिवसात शंभर चित्रे निघतात. ती निरखून पाहणेही तितकेच वाढले आहे, असे मात्र म्हणवत नाही.

हौशी मंडळी एकत्र जमली की कसे बोलतात, ते ऐकण्यासारखे असते. समजा, ते गडावरचे चित्रच एका तरुणाने त्यांच्यापुढे ठेवले.

“दुपारी काढलेस काय रे हे?” एक वयस्क गृहस्थ विचारतात.

“होय काका, बाराच्या सुमारास.”

“तरीच! सूर्य डोक्यावर आला की सावल्या पायाशी गोळा होतात. डोंगराच्या घड्या दिसणार कशा? सकाळी सातला जा. ऊन तिरपे असते. एकेका सोंडेची सावली शेजारच्या दरीत पडलेली दिसेल.”

“पण काका, सातला दरीत धुके असते.”

“मग धुक्याचेच काढ की!”

“आणि कड्याजवळच्या वाटेवर एखादा माणूस येऊ दे,” तिसरा म्हणतो, “म्हणजे कडा केवढा उंच आहे ते कळेल.”

येथे कोणी चित्राला नावे ठेवीत नाही आणि उगाच वाहवाही करीत नाही. “छान आहे” या शब्दांनी जसे काही शिकता येत नाही, तसेच “वाईट आहे” यानेही नाही. तुम्ही कोठे उभे होता, ऊन कोणत्या बाजूचे होते, दोन पावले डावीकडे सरकला असता तर खांब चुकला असता का, अशा प्रश्नांतून खरे शिक्षण होते. क्वचित एकमत होतच नाही. कोणाला चित्रातले आकाश हवे असते, कोणाला ते रिकामे वाटते. अशा वेळी पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या कापून त्या चित्रावर चौकटीसारख्या ठेवतात व मागेपुढे सरकवून पाहतात. कडेचे कुंपण झाकले जाते, कोपऱ्यातली मेंढरे एकदम डोळ्यांत भरतात, आणि चित्र न कापताच दोन्ही मते पडताळून पाहता येतात. छापलेल्या चित्राप्रमाणेच फोनच्या पडद्यावरही या पट्ट्या ठेवून पाहता येतात. त्या मात्र पडद्याच्या मानाने लहान कापाव्यात.