कानांना दारे नसतात

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

२०२२ साली २ एप्रिलला, ऐन पाडव्याला, कोरोनाचे निर्बंध उठले आणि त्या चैत्रात गावच्या यात्रेने दोन वर्षांची कसर भरून काढली. हलगी होती, ताशे होते, डीजेही होता. त्या गर्दीत माझा सहा वर्षांचा चुलत भाऊ दोन्ही कान दाबून जमिनीवर लोळू लागला. लोक म्हणाले, "लई लाडावलंय पोरगं." मीही तेच म्हटले आणि त्याला दंडाला धरून ओढले.

पुढे बीडच्या डॉक्टरांनी 'स्वमग्नता' हा शब्द सांगितला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. साहजिकच तो शब्द समजून घेण्याचे काम माझ्याकडे आले.

वर्गात पंख्याची घरघर, रस्त्यावरची मोटारसायकल, शेजारणीच्या बांगड्या हे सारे आपल्या कानांवर पडतच असते. परंतु मेंदू नको ते मागे सारतो व सरांचा आवाज पुढे ठेवतो. अनेक स्वमग्न व्यक्तींच्या बाबतीत ही निवड होत नाही. आवाज, उजेड, वास, अंगातल्या सदऱ्याची शिवणसुद्धा सारख्याच जोराने आत येते. मग कान दाबणे, हात हलवत राहणे हा हट्ट नसतो; तो पुराला घातलेला बांध असतो. (काहींना उलट एखाद्या आवाजाची ओढच असते. सर्वांना एका मापाने मोजू नये.)

आता कलेकडे वळू. जयवंत दळवींचे 'नातीगोती' नाटक किंवा १९९१ चा 'चौकट राजा' हा चित्रपट आपल्याला रडवतो. त्यांतील मुलगे स्वमग्न नव्हेत, पण घरच्यांची ओढाताण तीच. मात्र त्या मुलाच्या कानांत काय चालले आहे, हे मला तेथे कळले नाही. मी रडले ती आईबापांसाठी.

'द रीझन आय जंप' हा जेरी रॉथवेल यांचा २०२० चा माहितीपट मैत्रिणीच्या मोबाईलवर पाहिला. इंग्रजी अर्धेच कळले. पण बरेचसे काम आवाजच करतो. नाओकी हिगाशिदा या जपानी मुलाने तेराव्या वर्षी अक्षरफलकाच्या साहाय्याने लिहिलेल्या पुस्तकावर तो बेतलेला आहे. (ते शब्द सर्वस्वी त्याचेच का, याविषयी काही जाणकारांना शंका आहे.) कॅमेरा क्षुल्लक वस्तूंच्या अगदी जवळ जातो, बारीक आवाज मोठे होतात आणि पाहणाऱ्याला पळून जावेसे वाटते. त्यात आपल्याकडची अमृत नावाची तरुणीही आहे. बोलून जे सांगता येत नाही, ते ती चित्रांतून सांगते. दिवसभरात पाहिलेली माणसे कागदावर उतरतात.

हा चित्रपट मला भिडला याचे एक कारण टाळेबंदी हे असावे. मार्च २०२० मध्ये ऊसतोडीला गेलेली आपल्याकडची माणसे कारखान्यांवर अडकली, माझे आईवडीलही. ती एप्रिलात परतेपर्यंत गाव इतके मुके होते की सिंदफणेच्या पात्रातली टिटवी घरात ऐकू येई. मला ती शांतता खायला उठे. भाऊ मात्र तिच्यात रमला होता. पुढे पहिल्यांदा बीडच्या स्टँडवर उतरले तेव्हा हॉर्न, फेरीवाले, ध्वनिक्षेपक या साऱ्यांनी माझे डोके भणभणले. मला ते तासभरच सोसायचे होते.

भाऊ कोळशाने भिंतीवर उभ्या रेघा ओढतो, दुपारभर, एकीला दुसरी न चिकटवता. काकू दर दिवाळीला त्या पुसून टाकी. यंदा मी ती भिंत सोडायला सांगितली. काकू म्हणाली, "पाव्हण्यांना काय सांगू?" मला उत्तर सुचले नाही, पण भिंत राहिली. त्याला स्नेहसंमेलनाला आणू का, असे सरांना विचारले. ते म्हणाले, "सकाळी चित्रप्रदर्शनाला आण. स्पीकर दुपारनंतर लागतात."