डिकसळचा पूल आणि आकड्यांचं कोडं

भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाणारे पुष्कळ. तिथून जवळच, इंदापूर तालुक्यात, भीमेवर डिकसळचा जुना पूल आहे. तो बघायला मुद्दाम कोणी जात नाही. करमाळ्याच्या पश्चिमेकडच्या गावांना भिगवण-बारामतीकडे आणणारा रस्ता, एवढीच त्याची ओळख उरली आहे. हा पूल मुळात रेल्वेचा, हे आता तरुणांना सांगावं लागतं. अशा विसरलेल्या जागांकडे माणसं खेचून आणणारा एक खेळ जगभर चालतो: जिओकॅशिंग, म्हणजे जीपीएसच्या आधारे लपवलेला डबा शोधणं.

जीपीएसच्या नागरी संदेशात अमेरिकी सरकार पूर्वी मुद्दाम चूक मिसळत असे. २ मे २००० रोजी ते थांबलं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यातल्या रानात एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. आत वही, पुस्तकं, गलोल असलं काहीबाही. काही घ्या, काही ठेवा, वहीत नोंद करा, एवढाच नियम. तीन दिवसांत दोघांनी ती शोधून काढली.

याच खेळातला चढा प्रकार म्हणजे कोड्याचा डबा. नकाशावर प्रश्नचिन्ह दिसतं, पण डबा तिथे नसतो. कोडं सोडवलं की खरे आकडे हाती येतात. खरी जागा त्या प्रश्नचिन्हापासून साधारण ३.२ किलोमीटरच्या आतच असावी, असा संकेत आहे.

अशा कोड्याला डिकसळसारखा विषय शोधून सापडायचा नाही. खंडाळा-पुणे रेल्वे १४ जून १८५८ रोजी सुरू झाली आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला पुण्याहून ६४ मैलांवरच्या डिकसळपर्यंत गाडी आली. समोर भीमा. त्यामुळे दहा महिने डिकसळ हेच शेवटचं स्टेशन होतं. नदी ओलांडून बार्शी रोडपर्यंतचा, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंतचा टप्पा २३ ऑक्टोबर १८५९ रोजी खुला झाला. ६ जून १८६० रोजी गाडी सोलापूरला पोचली. गंमत अशी, की भीमा ओलांडलेल्या या मार्गाला बोरघाट उतरायला १८६३ उजाडलं. तोवर मुंबईच्या उतारूंना घाटातली मजल पालखीत नाही तर तट्टावर बसून मारावी लागे. पुढे १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं. फुगवट्यामुळे लोहमार्ग हलवावा लागला आणि जुना पूल रस्त्याच्या वाट्याला आला.

आता आकड्यांकडे वळू. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, त्याचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट, सुमारे १.८५ किलोमीटर. खेळात मिनिटापुढे तीन दशांश स्थळं लिहितात. शेवटचा आकडा एकाने चुकला तर दोन पावलांचा फरक पडतो, तो खपून जातो. पहिला दशांश चुकला तर १८५ मीटरचा फरक, आणि डिकसळला तेवढ्यात माणूस थेट पाण्यात. म्हणून कोडं रचणारे सगळ्या उत्तरांची बेरीजही देऊन ठेवतात. ती जुळली तरच घराबाहेर पडायचं.

प्रश्न निवडतानाही तारतम्य हवं. ‘पाण्यावर दगडांचे किती थर दिसतात?’ हा प्रश्न इथे कामाचा नाही. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. चांगल्या पावसाळ्यात धरण शंभर टक्के भरतं, उन्हाळ्यात ‘मायनस’मध्ये, म्हणजे मृतसाठ्यात जातं, थरांची संख्या दर महिन्याला वेगळी येणार. वादग्रस्त सालंही टाळावीत. मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले, पण ते साल ग्रंथागणिक बदलतं. बारामतीच्या मोरोपंतांचं निधनवर्ष १७९४ मात्र बिनधास्त घ्यावं.

आता वाचकांसाठी चार प्रश्न. डिकसळला गाडी आली त्या सालाचा शेवटचा आकडा ‘अ’. बार्शी रोडचा टप्पा खुला झाला त्या तारखेतल्या दोन आकड्यांची बेरीज ‘ब’. सोलापूरला गाडी पोचली तो महिना ‘क’. बोरघाटाच्या सालातला शेवटचा आकडा ‘ड’. चारही उत्तरं वर आलेली आहेत. त्यांची बेरीज २२ यायला हवी.

कोणाला हे कोडं खरोखर मांडायचं असेल, तर दोन गोष्टी पाळाव्यात. जागेच्या मालकाची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी आणि डबा जमिनीत पुरू नये. दीडशेहून अधिक वर्षांच्या दगडी पुलाच्या सांध्यात हात घालायला लावणारं कोडं रचणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. पूल प्रश्नात असावा. डबा मात्र गावातल्या सुरक्षित, मोकळ्या जागी ठेवावा.