कँडिड पावडर विकणाऱ्या कंपनीला कॅन्सरच्या एका औषधासाठी ६ हजार कोटी कसे मिळाले?

नाशिकचं द्वारका म्हटलं की सगळ्यात आधी आठवतं ते ट्रॅफिक. मुंबई-आग्रा हायवे आणि पुण्याकडे जाणारा रस्ता इथेच एकमेकांना भेटतात. वरून उड्डाणपूल आणि खाली रिक्षा, बस, कांद्याचे टेम्पो, ट्रक यांची खेचाखेच. या गर्दीतून औषधांची खोकी घेऊन एखादा ट्रक गेला तर त्याच्याकडे कोण बघणार?

पण नाशिक औषधांचंही गाव आहे. द्वारकेवरून पश्चिमेला गेलं की अंबडला जीएसकेचा कारखाना आणि सातपूरला ग्लेनमार्कचा. पुणे रोडने तीसेक किलोमीटर गेलं की सिन्नर, तिथे ग्लेनमार्कचं संशोधन केंद्र.

जुलै २०२५ मध्ये याच ग्लेनमार्कची बातमी आली आणि शेअर बाजारात खळबळ उडाली. अमेरिकेच्या अ‍ॅबव्ही कंपनीने ग्लेनमार्कच्या उपकंपनीचं एक औषध घेतलं. सुरुवातीलाच ७० कोटी डॉलर, म्हणजे जवळपास ६ हजार कोटी रुपये. पुढे औषध एकेक टप्पा पार करत गेलं तर आणखी १२२.५ कोटी डॉलरपर्यंत. शिवाय विक्रीवर रॉयल्टी वेगळी.

गंमत म्हणजे हे औषध अजून बाजारात आलेलंच नाही. त्याच्या माणसांवरच्या चाचण्या तेव्हा पहिल्याच टप्प्यात होत्या.

मग न आलेल्या औषधासाठी कुणी एवढे पैसे का देतं? आणि असं औषध शोधायला लागणारे पैसे मुळात येतात कुठून?

पाइपलाइन म्हणजे नक्की काय?

औषध कंपन्यांच्या बातम्यांत ‘पाइपलाइन’ हा शब्द सारखा येतो. कंपनीकडे तपासणीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर असलेली सगळी नवी औषधं म्हणजे तिची पाइपलाइन.

आधी प्रयोगशाळेत शोध, मग प्राण्यांवर चाचण्या. त्यानंतर माणसांवर तीन टप्पे. पहिल्या टप्प्यात मोजक्या लोकांवर औषध सुरक्षित आहे का ते बघतात. दुसऱ्यात ते काम करतंय का आणि किती डोस द्यायचा हे ठरतं. तिसऱ्यात शेकडो-हजारो रुग्णांवर चाचणी होते आणि सगळ्यात जास्त पैसा इथेच जातो.

या सगळ्याला साधारण १० ते १५ वर्षं लागतात. माणसांवरच्या पहिल्या टप्प्यात पोहोचलेल्या दहा औषधांपैकी सरासरी एखादंच शेवटी बाजारात येतं. बाकीच्या नऊंवर खर्च झालेला पैसा परत येत नाही.

त्यामुळे बँक अशा संशोधनाला सहसा कर्ज देत नाही. तारण ठेवायला असतं काय, तर एक रेणू आणि एक आशा.

सुरुवात झाली मलमापासून

ग्लेनमार्क १९७७ मध्ये ग्रेसियस साल्डान्हा यांनी सुरू केली. ग्लेन आणि मार्क या मुलांच्या नावांवरून कंपनीचं नाव पडलं. गजकर्ण-खाजेसाठीचं कँडिड मलम आणि पावडर, खोकल्याचं अ‍ॅस्कोरिल ही तिची नावं आजही गावागावातल्या मेडिकलमध्ये ऐकू येतात.

त्या काळात भारतात नवं औषध शोधायची फारशी गरजही नव्हती. १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट मिळत नव्हतं, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीला मिळायचं. म्हणजे परदेशी कंपनीचं औषध वेगळ्या पद्धतीने बनवलं की झालं. यावर भारतीय कंपन्या मोठ्या झाल्या आणि औषधं स्वस्तही राहिली.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ पासून हे बदललं. रेणूलाच पेटंट मिळू लागलं. म्हणजे यापुढे नवं औषध हवं असेल तर ते स्वतः शोधा, विकत घ्या, नाहीतर पेटंट संपायची वाट बघा.

ग्लेनमार्कने याची तयारी आधीच सुरू केली होती. ग्लेन साल्डान्हा यांनी सूत्रं हातात घेतली, २००० मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि जेनेरिक औषधांच्या नफ्यातला पैसा संशोधनात जायला लागला.

पण शेवटच्या टप्प्यातल्या चाचण्यांचा खर्च त्या नफ्यातून भागणारा नव्हता. मग भागीदार शोधणं आलं.

भागीदारीचं गणित: आधी, मध्ये आणि शेवटी

अशा करारात पैसे तीन वेळा मिळतात.

पहिले, सही झाली की लगेच. याला अपफ्रंट म्हणतात. औषध पुढे फसलं तरी हे पैसे सहसा परत द्यावे लागत नाहीत.

दुसरे, टप्प्यांचे. चाचणीचा टप्पा पार झाला, मंजुरी मिळाली, विक्रीने ठरलेला आकडा गाठला की ठरलेली रक्कम मिळते. यांना माइलस्टोन म्हणतात. बातमीतला मोठा आकडा बहुतेक वेळा यांनाच धरून असतो आणि तो पूर्ण मिळेल याची खात्री नसते.

तिसरे, रॉयल्टी. औषध विकलं जाईल तसा ठरलेला टक्का.

द्राक्षबागायतदाराला हे चटकन कळेल. माल तयार व्हायच्या आधी व्यापारी बाग ठरवतो आणि इसार देतो. पुढे गारपीट झाली तर नुकसान दोघांचं, पण शेतकऱ्याच्या हातात इसार तरी असतो. फरक एवढाच की औषधाच्या बागेत दहापैकी नऊ वर्षं गारपीटच होते.

आणि गारपीट झालीच

ग्लेनमार्कचा पहिला मोठा करार २००४ चा. दमा आणि फुप्फुसांच्या सीओपीडी या आजारासाठीचं ‘ओग्लेमिलास्ट’ अमेरिकेच्या फॉरेस्ट लॅबोरेटरीजने घेतलं. अपफ्रंट १ कोटी डॉलर आणि कराराची एकूण किंमत १९ कोटी डॉलरपर्यंत. भारतीय कंपनीने स्वतःचा रेणू अमेरिकेला विकला म्हणून मोठं कौतुक झालं. २००९ मध्ये सीओपीडीवरच्या चाचणीत औषधाचा अपेक्षित परिणाम दिसला नाही.

२००६ मध्ये मधुमेहाचं ‘मेलोग्लिप्टिन’ जर्मनीच्या मर्कने घेतलं, अपफ्रंट २.५ कोटी युरो. २००८ मध्ये मर्कने मधुमेहाच्या संशोधनातूनच अंग काढून घेतलं आणि हक्क परत केले. म्हणजे इथे औषधापेक्षा भागीदाराचं धोरण आडवं आलं.

२००७ मध्ये वेदनाशामक रेणू एली लिलीकडे गेला, अपफ्रंट ४.५ कोटी डॉलर. पुढच्याच वर्षी चाचण्या थांबल्या.

२०११ मध्ये सनोफीने एक अँटिबॉडी घेतली, अपफ्रंट ५ कोटी डॉलर. मल्टिपल स्क्लेरोसिसवरच्या चाचणीत तीही मागे पडली.

चार मोठ्या कंपन्या, चार करार आणि बाजारात एकही औषध नाही. पण दरवेळी अपफ्रंटचे पैसे मिळाले आणि पुढच्या संशोधनाला हातभार लागला. ‘तुम्ही नुसते करारच करता, औषध कुठाय?’ ही टीकाही कंपनीला अनेक वर्षं ऐकावी लागली.

घरातलं विकून संशोधन

२०१९ मध्ये ग्लेनमार्कने नव्या औषधांचं संशोधन ‘इक्नोस’ नावाच्या वेगळ्या कंपनीत हलवलं. खर्च वेगळा दिसावा आणि बाहेरचा गुंतवणूकदार आणता यावा, हा त्यामागचा हिशोब. पण वर्षानुवर्षं बहुतेक खर्च ग्लेनमार्कलाच उचलावा लागला. इकडे मूळ कंपनीवर हजारो कोटींचं कर्ज होतं.

मग कंपनीने घरातली एक चांगली चालणारी वस्तू विकली. ग्लेनमार्क लाइफ सायन्सेस ही औषधांचा कच्चा माल बनवणारी उपकंपनी, जिचे कारखाने गुजरातसोबत आपल्याकडे मोहोळ आणि कुरकुंभलाही आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये तिचा ७५ टक्के हिस्सा निरमाला सुमारे ५,६५१ कोटी रुपयांना विकायचं ठरलं. होय, वॉशिंग पावडरवाली निरमा. मार्च २०२४ पर्यंत व्यवहार पूर्ण झाला. आज ती कंपनी ‘अलिवस लाइफ सायन्सेस’ नावाने ओळखली जाते.

ग्लेनमार्कच्या डोक्यावरचं कर्जाचं ओझं उतरलं. २०२४ च्या सुरुवातीलाच इक्नोस आणि ग्लेनमार्कचं कॅन्सर संशोधन ‘इक्नोस ग्लेनमार्क इनोव्हेशन’ या एका छताखाली आणलं गेलं. त्याच पाइपलाइनमध्ये ‘आयएसबी २००१’ नावाचं औषध होतं.

तीन हातांचं औषध

आयएसबी २००१ आहे मल्टिपल मायलोमासाठी. हा अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. औषधं दिली की दबतो, पण बऱ्याच रुग्णांत पुन्हा डोकं वर काढतो.

हे औषध म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेली अँटिबॉडी, आणि तिला जणू तीन हात आहेत. एक हात कॅन्सरच्या पेशीवरचं बीसीएमए नावाचं प्रथिन धरतो, दुसरा सीडी३८ धरतो. तिसरा हात आपल्या शरीरातल्या टी पेशीला, म्हणजे रोगप्रतिकारक शक्तीच्या शिपायाला, पकडून कॅन्सरच्या पेशीजवळ आणतो. पुढचं काम तो शिपाई करतो.

कॅन्सरच्या पेशीला दोन हातांनी का धरायचं? ती हुशार असते, एखादं प्रथिन कमी करून निसटते. दोन ठिकाणी पकड असली तर निसटणं अवघड होतं.

२०२५ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या परिषदेत पहिल्या टप्प्याचे आकडे मांडले गेले. आधी अनेक उपचार घेऊन झालेल्या ३५ रुग्णांपैकी ७९ टक्क्यांमध्ये आजाराने औषधाला प्रतिसाद दिला. रुग्ण थोडे आहेत, मोठी चाचणी बाकी आहे. तरीही अ‍ॅबव्हीने महिन्याभराच्या आसपास करार जाहीर केला.

अ‍ॅबव्हीला घाई होती त्यालाही कारण आहे. संधिवातावरच्या ‘ह्युमिरा’ या तिच्या औषधाने २०२२ मध्ये २१ अब्ज डॉलरचा धंदा केला. २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला स्वस्त स्पर्धक आले आणि विक्री घसरू लागली. पेटंट संपत आलं की बड्या कंपन्यांनाही बाहेर बघावं लागतं. एकाला पैसा हवा असतो, दुसऱ्याला औषध.

बाकीच्यांनी काय केलं?

प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

मुंबईच्या सन फार्माने थेट कंपनीच विकत घेतली. २०२३ मध्ये ५७.६ कोटी डॉलर मोजून अमेरिकेची कॉन्सर्ट फार्मास्युटिकल्स घेतली आणि तिच्यासोबत चाई पडण्यावरचं, म्हणजे अ‍ॅलोपेशिया अरिएटावरचं तयार होत आलेलं औषध. २०२४ मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरीही मिळाली. पण दुसऱ्या कंपनीने पेटंटचा दावा लावला आणि बाजारात यायला २०२५ उजाडलं. विकत घेतलं की वेळ वाचतो, पण सोबत कोर्टकचेरीही येऊ शकते.

वोक्हार्टने ग्लेनमार्कसारखंच घरातलं विकलं. २०२० मध्ये प्रॅक्टिन, झेडेक्स अशी चालती नावं १,८५० कोटींना डॉ. रेड्डीजला द्यायचं ठरवलं आणि नव्या अँटिबायोटिक्सवर भर दिला. त्यातलं ‘नॅफिथ्रोमायसिन’ नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने देशात शोधलेलं पहिलं अँटिबायोटिक म्हणून समोर आणलं. न्यूमोनियावर दिवसातून एकदा, तीन दिवस. १४ वर्षं आणि सुमारे ५०० कोटी रुपये लागले. त्यात सरकारच्या बायरॅक संस्थेने तिसऱ्या टप्प्यासाठी ८ कोटी दिले.

५०० कोटींत ८ कोटी, यावरून सरकारी मदतीचा अंदाज येतो. २०२३ मध्ये केंद्राने औषध आणि वैद्यकीय उपकरणांच्या संशोधनासाठी ५ हजार कोटींची योजना आणली. अ‍ॅबव्हीने एका औषधासाठी दिलेला अपफ्रंट त्याहून मोठा आहे.

मग नाशिकच्या पेशंटला काय मिळणार?

आयएसबी २००१ सिन्नरला जन्मलेलं नाही. त्यामागे स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतले शास्त्रज्ञ आहेत. पण त्यांच्या प्रयोगशाळेचं बिल अनेक वर्षं भरलं ते गोळ्या, मलमं आणि सिरपच्या धंद्याने. द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या औषधांच्या ट्रकचं या गोष्टीशी नातं आहे ते असं.

करारातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मात्र बातम्यांच्या मथळ्यात फारशी दिसली नाही. अ‍ॅबव्हीला हक्क मिळाले ते उत्तर अमेरिका, युरोप, जपान आणि चीनच्या परिसराचे. भारतासह उरलेल्या बऱ्याच देशांचे हक्क ग्लेनमार्कने स्वतःकडे ठेवले.

म्हणजे औषध मंजूर झालंच, तर भारतात ते कधी आणायचं आणि कितीला विकायचं हे शिकागोजवळच्या ऑफिसात ठरणार नाही, मुंबईत ठरेल. कॅन्सरची नवी औषधं भारतात किती महाग पडतात हे सगळ्यांना माहीत आहे. २०१२ मध्ये सरकारने बायरच्या ‘नेक्सावार’वर सक्तीचा परवाना दिला, तेव्हा महिन्याचा २ लाख ८० हजारांचा खर्च ८,८८० रुपयांवर आला होता. तेव्हा मूळ औषध परदेशी कंपनीचं होतं आणि स्वस्त औषध नॅटको या भारतीय कंपनीने आणलं.

आता पेटंटच्या बाजूला भारतीय कंपनी आहे. वीस वर्षं संशोधनावर केलेला खर्च तिलाही वसूल करायचाय. अमेरिकेतून आलेल्या पैशातून तो वसूल झाला, तर भारतात किंमत कमी ठेवायला तिच्या हातात जागा असेल. ती जागा कंपनी वापरते का, हे औषध नाशिकच्या मेडिकलमध्ये येईल त्या दिवशी त्याच्या खोक्यावर छापलेल्या एमआरपीवरून कळेल.