फोन हातात असताना वेगळा रेकॉर्डर कशाला? शनिशिंगणापूरच्या भजनातून समजून घेऊ

फोनमध्ये रेकॉर्डर आहे, फुकट आहे आणि चोवीस तास खिशात आहे. मग हजारो रुपये घालून वेगळं यंत्र कशाला घ्यायचं? मित्रमंडळींकडून हा प्रश्न मला नेहमी येतो. उत्तर सोपं आहे: तुम्हाला काय रेकॉर्ड करायचंय त्यावर ते ठरतं. कॉलेजचं लेक्चर, मुलाखत, घरच्या मीटिंगमधली बडबड यासाठी फोन पुरतो, पैसे वाचवा. संगीत रेकॉर्ड करायचं असेल, आणि तेही पुन्हा मिळणार नाही असं, तर मात्र पुढचं वाचा.

मी नोकरीला पुण्यात. माझं आजोळ नेवासा तालुक्यात, शनिशिंगणापूरच्या शेजारी. मामा भजनी मंडळात पखवाज वाजवतात. मंडळातले जुने गायक आता सत्तरीच्या पुढे गेलेत आणि काही अभंगांच्या चाली अशा आहेत की त्या फक्त दोघा-तिघांनाच येतात. अभंगाचे शब्द गाथेत मिळतात, चाल कुठल्याच पुस्तकात नाही. मंडळातल्या पोरांकडे फोनवरची रेकॉर्डिंग ढिगाने आहेत, पण त्यावरून चाल शिकायला बसलं की पंचाईत होते. टाळ कानात घुसतात, गायकाची हरकत त्याखाली दबते आणि पखवाजाची डावी बाजू तर जवळजवळ गायबच.

फोनचा माइक वाईट असतो म्हणून असं होतं, असा अनेकांचा समज आहे. माइक तसा ठीकच असतो. गडबड करतं ते त्याच्या मागचं सॉफ्टवेअर.

फोन मुळात बोलण्यासाठी बनलाय. त्यामुळे तो आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करत राहतो. पंधरा टाळकऱ्यांनी एकदम टाळ मारले की फोन म्हणतो, 'फार मोठा आवाज आहे', आणि सगळंच खाली ओढतो, गायकालाही. टाळ थांबले की तो पुन्हा सगळं वर उचलतो, मग पंख्याची घरघर ऐकू येते. ऐकताना आवाज श्वास घेतल्यासारखा फुगतो आणि बसतो. दुसरी भानगड गोंगाट कमी करणाऱ्या फिल्टरची. एकसारखा, न बदलणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं हे फिल्टर धरून चालतं. आता पेटीचा धरून ठेवलेला सूर किंवा वीणेची तार म्हणजे एकसारखा आवाजच की! फिल्टरला त्यात आणि कूलरमध्ये फरक कळत नाही. तिसरं म्हणजे बोलण्यासाठी बनवलेली बरीच ॲप्स खालचे सूर मुद्दाम कापतात. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात ती तो खोल घुमारा यावा म्हणून, आणि ॲप नेमका तोच घुमारा फेकून देतं.

अँड्रॉइडमध्ये आवृत्ती ७ पासून ॲप बनवणाऱ्यांना 'काहीही प्रक्रिया न केलेला आवाज दे' असं सांगायची सोय आहे. फोन कंपनीने ती त्या फोनमध्ये दिलेली असली तरच ती चालते, आणि प्रत्येक ॲप ती वापरतंच असं नाही. फोनवरच भागवायचं असेल तर असं ॲप शोधा, आपोआप पातळी बदलणारा पर्याय बंद करा, डब्ल्यूएव्ही फॉर्मॅट निवडा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. मधेच कॉल आला तर रेकॉर्डिंग थांबू शकतं.

चाल जपायची म्हणजे किती मोठी गोष्ट आहे, हे कळायला आपल्याकडचंच एक उदाहरण पुरे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. पुढे बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे संशोधक या कामात आले, आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. आज या ओव्या 'पारी'च्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि त्याबरोबर ओवी म्हणायचं निमित्तच गेलं. शब्द उतरवून घेणं हे प्रचंड काम होतंच, पण एक लाख ओव्यांसमोर १२० तास ठेवून बघा. ज्यांचा आवाज टेपवर आला नाही, त्या ओवीची चाल आता कुणाला विचारणार?

आता यंत्राकडे येऊ. हातात मावणारे रेकॉर्डर बनवणाऱ्या मुख्य कंपन्या म्हणजे झूम, टॅस्कॅम आणि सोनी. दुकानात 'व्हॉइस रेकॉर्डर' नावाची स्वस्त, पेनासारखी यंत्रंही मिळतात. ती घेऊ नका. त्यातली बरीचशी बोलण्यासाठीच असतात आणि फोनचेच सगळे आजार त्यांना असतात.

निवडताना मी पहिल्यांदा माइक बघतो, बाकी सगळं नंतर. झूम एच१एनवर दोन माइक एकमेकांना ९० अंशात, तिरके बसवलेले असतात. समोरचा आवाज ते जास्त घेतात, मागचा कमी. टॅस्कॅम डीआर-०५एक्सचे माइक चहूबाजूंचा आवाज सारखाच घेतात. बंद, शांत खोलीत डीआर-०५एक्स फार छान वाटतो, तिथे बसल्यासारखं वाटतं. पण गर्दीत, रस्त्याच्या कडेला, मागे कुणीतरी ट्रॅक्टर चालू करणार असेल तर समोर बघणारा माइक बरा. भजनासाठी माझं मत समोर बघणाऱ्याकडे.

दुसरी गोष्ट, पातळी हाताने ठरवता येते का? संगीतासाठीच्या रेकॉर्डरमध्ये ही सोय असतेच. पातळी फार वर ठेवली तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. फार खाली ठेवली तर नंतर वाढवताना सोबत खरखरही वाढते. इथे २४ बिट कामाला येतं. १६ बिटमध्ये सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. २४ बिटमध्ये कागदावर १४४ मावतं. प्रत्यक्षात माइक आणि सर्किट इतकं देत नाहीत, पण फायदा असा की पातळी जरा खाली ठेवून निवांत बसता येतं.

आता '३२ बिट फ्लोट'ची हवा आहे. झूमच्या एच१ इसेन्शियलमध्ये तर पातळीचं बटणच नाही. त्यात आवाज अशा पद्धतीने साठवला जातो की नंतर संगणकावर खाली-वर करता येतो, पटकन फाटत नाही. ज्याला पातळी लावायचा कंटाळा आहे किंवा जो स्वतःच टाळ धरून बसणार आहे, त्याच्यासाठी हे वरदान आहे. पण एक लक्षात घ्या. माइकला स्वतःची मर्यादा असतेच. टाळकऱ्याच्या हाताखाली रेकॉर्डर ठेवलात तर आवाज माइकमध्येच फाटेल आणि पुढचे ३२ बिट तो फाटलेला आवाज अगदी इमानाने जपून ठेवतील. वारा आणि चुकीची जागा यावरही त्याच्याकडे औषध नाही.

९६ किलोहर्ट्झ, १९२ किलोहर्ट्झ या आकड्यांमागे धावू नका. ४४.१ किलोहर्ट्झमध्ये साधारण २२ हजार हर्ट्झपर्यंतचे सूर येतात, आणि माणसाचा कान २० हजाराच्या पुढे जात नाही. मी २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ ठेवतो. या सेटिंगला दोन चॅनेलचा हिशोब सेकंदाला २,८८,००० बाइट, म्हणजे तासाला साधारण १ जीबी. ३२ जीबीच्या कार्डात तीस तास मावतात. एक सप्ताह निघतो त्यात.

यंत्र घेतलं, आता ते ठेवायचं कुठे? माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. साधा रेकॉर्डर योग्य जागी ठेवला तर महागड्या पण कोपऱ्यात ठेवलेल्या रेकॉर्डरला मागे टाकतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे गायकापासून एक मीटरवर आणि टाळकऱ्यांपासून दोन मीटरवर यंत्र असेल, तर फक्त जागेमुळेच गायकाला ६ डेसिबल फुकट मिळतात. आमच्या मंडळात मी रेकॉर्डर लहान ट्रायपॉडवर, बसलेल्या गायकाच्या तोंडापेक्षा थोडा वर, त्याच्याकडे बघत ठेवतो. पेटी जवळ, टाळकऱ्यांची रांग यंत्राच्या पाठीमागे. सतरंजीवर नुसता ठेवला तर मांड्यांची हालचाल, पायाचा ताल, चहाचा कप, सगळं खालून चढतं.

शिंगणापुरात एक वेगळीच अडचण आहे. इथल्या घरांना चौकटी असतात, पण दारं लावायची रीत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. युको बँकेने २०११ मध्ये इथे शाखा उघडली तीही बिनकुलपाची म्हणून बातमीत आली होती. चोरी होत नाही ही श्रद्धा आपल्या जागी, पण आवाजाला काय अडवणार? रस्त्यावरची मोटारसायकल थेट अभंगात येते. रेकॉर्डिंगसाठी 'दार लावून घ्या' हा जो पहिला सल्ला सगळीकडे देतात, तो इथे निकामी आहे. आम्ही चौकटीवर जाड गोधडी सोडतो आणि आणखी दोन भिंतींवर टांगतो. गोधडीने बाहेरचा आवाज फारसा अडत नाही हे खरं, पण खोलीतला घुमणारा आवाज ती पिऊन टाकते आणि गाणं स्वच्छ होतं. बाहेरच्यासाठी उपाय एकच, वेळ. पहाटे काकड्याच्या वेळेला गाड्या नसतात. शनी अमावास्येला मात्र नाद सोडा. गावात पाय ठेवायला जागा नसते.

उघड्यावर वारा हा मोठा शत्रू. शनिदेव इथे उघड्या चौथऱ्यावर आहेत, वर छप्पर नाही, आणि आजूबाजूला सपाट रान. वारा माइकवर आपटला की 'भक् भक्' असा आवाज येतो आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. यंत्रासोबत मिळणारी स्पंजची टोपी मंद झुळुकीपुरती. बाहेर केसाळ टोपीच लागते. मेनूमध्ये 'लो कट' नावाचा पर्याय असतो, तो खालचे सूर कापून वाऱ्याचा त्रास कमी करतो. पण पखवाज असेल तर तो चालू करण्याआधी दहा वेळा विचार करा, कारण वारा आणि डाव्या पुडीचा घुमारा एकाच मजल्यावर राहतात. आणि देवस्थानाच्या आवारात यंत्र मांडायचं असेल तर आधी परवानगी घ्या.

कीर्तनाला साऊंडवाला असेल तर त्याच्या मिक्सरमधून वायर घेता येते. इथे जपून. मिक्सरचा आवाज माइकच्या मानाने कितीतरी जोरदार असतो, म्हणून तुमच्या रेकॉर्डरला 'लाइन इन' आहे का ते बघा. शिवाय मिक्सरमध्ये तेवढंच येतं जेवढ्याला माइक लावलाय. कीर्तनकार खणखणीत ऐकू येतील, मागचे टाळकरी आणि समोरून उठलेला विठ्ठलाचा गजर येणारच नाही. शक्य असेल तर एक यंत्र मिक्सरवर आणि एक समोर ठेवा, नंतर संगणकावर जुळवा. सुरुवातीला एक मोठी टाळी वाजवली की दोन्ही फाइल जुळवायला खूण मिळते. आणि भोंग्याच्या तोंडासमोर कधीच बसू नका.

पातळी लावायची तेव्हा गायकाला 'जरा गाऊन दाखवा' म्हटलं तर तो हळूच गुणगुणतो. त्याऐवजी सगळ्यांना मिळून सगळ्यात चढा गजर करायला सांगा. त्या वेळी मीटरवर काटा -१२ च्या आसपास राहू द्या. भजन रंगलं की तो आणखी चढतोच. कानाला हेडफोन लावून एकदा ऐका, कारण ट्यूबलाइटची 'हूं' मीटरवर दिसत नाही.

सेल आणि कार्डाचं थोडक्यात. नवे सेल घालूनच सुरू करा, जोडी खिशात ठेवा. कार्ड रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा. यंत्र बंद करण्याआधी स्टॉप दाबा, आणि हे मी सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतोय: डब्ल्यूएव्ही फाइलच्या सुरुवातीला तिची लांबी लिहिलेली असते आणि ती साधारणपणे शेवटी पक्की होते. मधेच सेल संपले तर आवाज कार्डावर असतो, पण फाइल उघडत नाही. अशी फाइल बहुतेक वेळा दुरुस्त होते, त्यामुळे त्या कार्डावर नवीन काहीही रेकॉर्ड न करता ते बाजूला ठेवा. लांबीची ही नोंद ३२ बिटांची असल्यामुळे एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. म्हणून लांब कीर्तनाच्या दोन-तीन फाइल झालेल्या दिसल्या तर घाबरू नका.

घरी आल्यावर मूळ फाइलला हात लावू नका. आवाज वाढवणं, कापणं हे सगळं प्रतीवर करा. ऑडॅसिटी फुकट आहे आणि पुरेसं आहे. मंडळाच्या ग्रुपवर एमपी३ टाका, मूळ फाइल हवी असेल त्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हॉइस नोट म्हणून नको. आणि फाइलच्या नावात तारीख, गाव, अभंगाचा पहिला शब्द लिहा. चाल कुणाकडून आली हे गायकालाच विचारून त्याच रेकॉर्डिंगच्या शेवटी त्याच्या आवाजात घ्या. मामांच्या मंडळातल्या एका आजोबांनी असं सांगताना तीन गावांची आणि दोन गुरूंची नावं घेतली, ती मंडळात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती. दोन प्रती ठेवा, एक तुमच्याकडे, एक मंडळाकडे. आमची दुसरी प्रत पेटीच्या खोक्यात, पेनड्राइव्हवर असते.