ओटा कोणाच्या मापाचा?

आधी कबुली देऊन टाकते. पानशेतच्या माझ्या आत्याचं स्वयंपाकघर एकदा मीच बिघडवलंय. तेही चांगल्या मनानं, चांगल्या बजेटमध्ये आणि चांगला गुळगुळीत कॅटलॉग बघून!

पानशेत म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? वीकएंड, बाइक, खडकवासल्याची गर्दी, डोणजे-खानापूरनंतरचा वळणावळणाचा रस्ता, भाजलेलं कणीस आणि कांदाभजी. बरोबर ना? मला मात्र आत्याची चूल आठवते. दगडमातीच्या भिंती, कौलारू छप्पर आणि घरात शिरल्या शिरल्या नाकात जाणारा धुराचा वास. लहानपणी तो वास मला जाम आवडायचा. तो आत्याच्या छातीत बसत होता, हे कळायला बरीच वर्षं लागली.

तीन वर्षांपूर्वी आतेभावाला हिंजवडीत बरी नोकरी लागली. पहिल्या बोनसमधून आईला ‘एकदम झक्कास किचन’ करून द्यायचं, असं त्यानं ठरवलं आणि फोन केला मला, कारण मी इंटिरिअरवर दोन-चार लेख लिहिलेत. (लेख लिहिणं आणि किचन करणं वेगळं, हे तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.) एका शनिवारी पुण्यातल्या एका शोरूममध्ये जाऊन आम्ही चेरी-रेड शटर्स, हळूच बंद होणाऱ्या ट्रॉल्या आणि वर काचेची कपाटं पसंत केली. बिल पंच्याऐंशी हजार. आत्यानं आळीत पेढे वाटले.

पुढच्या श्रावणात गेले, तेव्हा शटर्स खालून फुगली होती. अक्षरशः चहात बुडवलेल्या खारीसारखी! बोट लावलं की भुसा पडत होता. ट्रॉल्या अडकल्या होत्या, मागच्या भिंतीला हिरवट बुरशी. आणि आत्या कुठे? मागच्या पडवीत चुलीपुढे, भाकऱ्या थापत. मध्येच खोकत.

‘‘आत्या, अगं तू इथे का बसलीस?’’

‘‘तिथं भाकरी थापाया जमत न्हाई गं. खांदं दुखत्यात. येवढा खर्च केला तुमी पोरांनी, म्हनून बोलले न्हाई.’’

पूर्ण वर्षभर तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलगा शनिवारी आला की ती नव्या ओट्यावर चहा करायची. बाकीचे सहा दिवस पडवी!

शोरूममध्ये पाऊस नव्हता

पहिली चूक मटेरियलची. आमची शटर्स एमडीएफची होती. लाकडाचे बारीक तंतू आणि रेझिन दाबून हे बोर्ड तयार करतात. कोरड्या फ्लॅटमध्ये ते छान चालतात, पण साध्या एमडीएफच्या कडेतून ओल आत शिरली की बोर्ड फुगतो आणि पुन्हा बसत नाही. सह्याद्रीच्या कुशीतल्या या पट्ट्यात चार महिने पाऊस, त्यात जमिनीतून ओल ओढणाऱ्या दगडमातीच्या भिंती. निदान बीडब्ल्यूपी म्हणजे पाण्याला टिकणारं, आयएस ७१० छाप असलेलं प्लाय तरी घ्यायला हवं होतं. आम्ही काय विचारलं? ‘चेरी-रेडमध्ये मॅट फिनिश आहे का?’

आणि एक गोष्ट डोक्यातही आली नव्हती. चूल नुसता स्वयंपाक करत नव्हती, ती खोली सुकवत होती. तिच्या उबेनं भिंती कोरड्या राहायच्या, तर धुरामुळे वाशांना कीड कमी लागायची. आम्ही चूल बाहेर काढली आणि तिच्या जागी हवा खेळायची काहीच सोय केली नाही. एक्झॉस्ट फॅनसुद्धा नाही! वर भिंतींना ऑइलपेंट फासला. आतल्या ओलीला बाहेर पडायला वाटच उरली नाही, मग दुसरं काय होणार?

दुसरी चूक मापाची, आणि ती मला जास्त लागली. आपल्याकडे तयार ओटे साधारण ३२ ते ३४ इंच उंचीचे करतात. आत्या आहे चार फूट नऊ इंच. ओट्यासाठी एक सोपा ठोकताळा आहे: सरळ उभं राहून हात कोपरात काटकोनात वाकवायचा, कोपरापासून जमिनीपर्यंत मोजायचं आणि त्यातून चारेक इंच वजा करायचे. आत्याचं माप आलं ३० इंच. भाकरीसाठी तर तेही जास्त, कारण थापताना वरून वजन टाकावं लागतं. हात खांद्याकडे उचलून थापा, दहाव्या भाकरीला खांदा बोलायला लागतो. मी स्वतः करून पाहिलं. चौथीलाच बोलला! (आणि माझ्या भाकरीला भाकरी म्हणणं हा आत्याचा मोठेपणा.)

गंमत म्हणजे आज आपण ज्याला फिटेड किचन म्हणतो, त्याची आजी मानलं जाणारं ‘फ्रँकफर्ट किचन’ १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्टनं डिझाइन केलं. जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरच्या खोलीत बाईची पावलं कशी वाचतील, याचा तिनं घड्याळ लावून अभ्यास केला. अशी सुमारे दहा हजार किचन्स फ्रँकफर्टमध्ये बसवली गेली. आणि याच बाईंनी पुढे सांगितलं, की ते डिझाइन करेपर्यंत त्यांनी स्वतः कधी घर चालवलं नव्हतं की स्वयंपाक केला नव्हता. हे वाचून मला थोडं बरं वाटलं. पण त्यांनी निदान मोजमाप तरी केलं होतं!

फडताळ

दुसऱ्या वेळी आम्ही शोरूमला गेलोच नाही. आत्याला पडवीत बसवलं आणि विचारलं, ‘‘तुला काय पाहिजे?’’ बराच वेळ ती ‘‘तुमी म्हनाल तसं’’ म्हणत राहिली. तिसऱ्या चहाला म्हणाली, ‘‘माझं फडताळ मला परत द्या.’’

हे सागवानी फडताळ आम्ही गोठ्यात टाकलं होतं. वर काळ्या राबाचा थर, एक कडी तुटलेली. मॉड्युलरच्या शेजारी ते ‘मॅच’ होत नव्हतं ना! मग मामांनी सांगितलं, की ते जुन्या घरातलं आहे. जुनं घर म्हणजे धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. पुण्यात पानशेत म्हणजे १२ जुलै १९६१. आंबी नदीवरचं धरण फुटलं, पुढे खडकवासलाही टिकलं नाही आणि निम्मं पुणं चिखलात गेलं. मामांच्या घरात पानशेत म्हणजे बुडालेली शेतं आणि बुडालेलं घर. वर येताना मामांच्या आजीनं चार गोष्टी बैलगाडीत घातल्या: पाटा-वरवंटा, उखळ, तांब्याचा हंडा आणि हे फडताळ. आणि मी ते गोठ्यात टाकायला सांगितलं होतं.

ते ठीक करायला आम्हाला तीन रविवार लागले. पहिल्या रविवारी सोडा आणि साबणाच्या कोमट पाण्यानं राब काढला आणि लाकूड दोन आठवडे सावलीत सुकवलं. मग ८० नंबरचा सँडपेपर, त्यावर १२०, शेवटी २२०, आणि नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. आडवं घासलं की ओरखडे पडतात आणि पॉलिशनंतर ते आणखी उठून दिसतात. (विचारा आतेभावाला. डावं दार त्यानं घासलंय.) मधासारखा रंग वर आला, तेव्हा मामा उगाच चार वेळा आत-बाहेर करून गेले. शेवटी उकळलेल्या अळशीच्या तेलाचे तीन पातळ हात दिले, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा. इथे एक सूचना अगदी गंभीरपणे: या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता तयार होते आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

भिंतींवरचा ऑइलपेंट खरवडला. पोपडे निघाले आणि मागे चक्क ओली माती! महिनाभर त्या तशाच सुकू दिल्या आणि मग चुन्याची सफेदी केली. चुना ओल अडवत नाही, बाहेर जाऊ देतो. दर दिवाळीत पुन्हा हात मारावा लागेल, पण ते आत्याला नवीन नाही.

ओटा गवंड्याकडून बांधून घेतला. खाली कडप्प्याच्या उभ्या फरश्या, वर काळा ग्रॅनाइट. वरही कडप्पाच घालायचा स्वस्तात विचार होता, पण कडप्पा म्हणजे चुनखडक. लिंबू, चिंच सांडली की त्यावर पांढरट डाग पडतो. ग्रॅनाइटचं तसं होत नाही. गॅसचा आणि सिंकचा भाग ३० इंच, आणि टोकाचा तीन फूट तुकडा फक्त २६ इंच, परातीसाठी. गवंडी दोनदा विचारून गेले, ‘‘ताई, लेव्हल चुकली का?’’ नाही काका, मुद्दाम आहे!

खाली शटर्स नाहीत, उघडे खण आणि पडदे. सिलिंडरचा खण जमिनीलगत मोकळाच ठेवला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून जाळी खालच्या बाजूला हवी. तुमच्या फ्लॅटमध्येही आजच वाकून बघा.

चूल पडवीतच राहिली. मला ती पूर्ण बंद करायची होती, डॉक्टरांनीही आत्याला धुरापासून लांब राहायला सांगितलंय. यावर आमचं खरंखुरं भांडण झालं. शेवटी तह असा ठरला: रोजचा स्वयंपाक गॅसवर, चूल फक्त अंघोळीच्या पाण्याला, आणि ती मामा पेटवणार. नाचणीची भाकरी गॅसवर ‘तशी’ होत नाही, हे मला दर भेटीत ऐकवलं जातं. मी ऐकून घेते.

या सगळ्याचा खर्च आला बावन्न हजार, एक्झॉस्ट फॅन आणि वायरिंग धरून. पहिले पंच्याऐंशी हजार पाण्यात गेले ते वेगळे. आतेभाऊ अजून त्यांचा हप्ता भरतोय.

मागच्या श्रावणात मुद्दाम रात्रभर पाऊस पडल्यावर सकाळी पोचले. कोपऱ्यात थोडी ओल होती, पण बुरशी नव्हती. फडताळाची दारं जरा जड लागत होती, कारण सागही पावसात थोडा फुगतोच. आत्या परातीपुढे उभी होती, पदर खोचून.

‘‘जमतंय ना आता?’’

‘‘जमतंय की.’’ मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, ‘‘त्या मिठाच्या बरणीची फळी दोन इंच खाली घ्याया पायजे.’’

सुतारकाका गुरुवारी येतायत.