नान्नजची द्राक्षं आणि मोटेवाडीची वाईन

फेब्रुवारीत सोलापुरात सात रस्त्याच्या आसपास गाड्यांवर जी द्राक्षं मिळतात, ती खायची. सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी थॉमसनमधून निवडलेलं ‘सोनाका’ घ्या: लांबट मणी, पातळ साल, बी नाही. खायला झकास, पण वाईनवाल्याला यातलं काहीच नको असतं.

त्याचं द्राक्ष बघायचं तर जिल्ह्याच्या पश्चिमेला, माळशिरस तालुक्यात अकलूजजवळच्या मोटेवाडीला जायचं. तिथली ‘फ्रातेली’ वायनरी भावांच्या तीन जोड्यांनी उभी केली: इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. वाईन करायला टस्कनीचे पिएरो मासी आले. त्यांच्या मुलखातलं सान्जोव्हेसे द्राक्ष माळशिरसच्या उन्हात रुजलं, याचं मला अजून नवल वाटतं.

कारण टस्कनीत वेल हिवाळ्यात पानं टाकून झोपते. वर्षाला एक छाटणी, सप्टेंबरच्या सुमारास तोडणी. आपल्याकडे ती झोपतच नाही, तिचं वर्ष कात्रीने पाडावं लागतं. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, वेल पार ओलांड्यापर्यंत, म्हणजे आडव्या जुन्या फांदीपर्यंत, खरडून काढतात. उन्हाळ्यात नव्या काड्या येतात आणि पुढच्या घडाची तयारी त्यांच्या डोळ्यांत तेव्हाच सुरू होते. हे बाहेरून दिसत नाही, पण या दिवसांत पाण्याची हेळसांड झाली की फळछाटणीनंतर नुसता पाला फुटतो. काडी पिकली की सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. पुढे चारेक महिन्यांत माल तयार. म्हणजे इथे तोडणी चालू असते तेव्हा टस्कनीच्या वेली उघड्याबोडक्या उभ्या असतात.

खाण्याच्या बागेत मणी फुगावा म्हणून घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) द्रावणात बुडवतात. वाईनच्या बागेत मणी लहानच हवा, बिया असल्या तरी चालतात. रंग आणि तुरटपणा सालीत असतो. मणी लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. गोडीही वेगळी लागते. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकून उजेडाकडे बघायचं. खाण्याच्या द्राक्षाला 17-18 ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) पुरतात, वाईनला 22 ते 24 लागतात. पण गोडी चढते तशी आंबटाई उतरते, आणि आपल्या उन्हात ती भराभर उतरते. दोन्हींचा मेळ बसतो ते मोजके दिवस हेरणं हीच बागेतली खरी कसोटी. माल उन्हं चढायच्या आत, गार असतानाच तोडलेला बरा.

वायनरीतलं काम त्यामानाने सरळ आहे. काळ्या शिराझचा मणी चिरून बघा, आतला गर फिकाच असतो. म्हणून पांढऱ्या वाईनसाठी रस लगेच दाबून काढतात, लालसाठी सालीसकट आंबवतात. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल होतं, वायू सुटतो. त्या वायूबरोबर साली वर येऊन थर धरतात. तो वरचेवर रसात बुडवायचा, नाहीतर रंग उतरत नाही. लालमधली निवडक वाईन पुढे ओकच्या पिंपांत मुरते.

चाखताना लालपासून सुरुवात करू नका, विशेषतः सोबत शेंगाचटणी असेल तर. तुरटपणाने तिखट आणखी भडकतं. कडक भाकरी-चटणीला गार केलेली पांढरी शेनिन ब्लांक बरी जाते.